सॉफ्टवेअर काढले, सेटिंग्ज उरल्या: त्या शोधून काढण्याची रीत

लिबरऑफिसच्या रायटरमधली साधनपट्टी एखाद्या दिवशी नाहीशी होते किंवा रायटर उघडताक्षणीच बंद पडतो, आणि आपण वैतागून ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करतो, नवी प्रत उतरवून घेतो आणि पुन्हा बसवतो. उघडून पाहावे तर बिघाड जसाच्या तसा समोर हजर असतो. आपण काढले होते ते सॉफ्टवेअर, पण बिघडली होती त्याची सेटिंग, आणि ती दुसऱ्याच एका फोल्डरमध्ये सुखरूप बसून होती. अशा उरलेल्या सेटिंग्ज कोठे असतात, त्यांतल्या कोणत्या काढाव्यात, कोणत्या राहू द्याव्यात आणि काढताना हात कसा राखावा, हे येथे मुख्यतः विंडोज १० व ११ डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहे. फोल्डरांची व आज्ञांची नावे पडद्यावर रोमन लिपीत दिसतील. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

आधी माझ्या हातून घडलेली चूक सांगतो, म्हणजे पुढचा सावधपणा कोठून आला ते कळेल. वर सांगितलेल्या प्रसंगी मला सेटिंग्जचा फोल्डर सापडला, आणि मी तो शिफ्ट दाबून कायमचा पुसून टाकला. बिघाड गेला, पण त्याबरोबर मी शुद्धलेखन तपासताना वर्षानुवर्षे एकेक करून जमवलेले मराठी शब्द, ‘आपोआप दुरुस्ती’साठी भरलेल्या जोड्या आणि पत्रांचे दोन-तीन नमुनेही गेले. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, माझ्या घाईचा होता. सेटिंग्ज आणि आपली कमाई एकाच फोल्डरमध्ये राहतात, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मागे का उरते

इन्स्टॉलर जे जे बसवतो त्याची यादी ठेवतो, आणि अनइन्स्टॉल करताना त्या यादीप्रमाणे एकेक वस्तू उचलतो. मांडववाला आपले खांब आणि कनाती मोजून घेऊन जातो. पंगतीत कोणी छत्री विसरली असेल तर ती त्याच्या वहीत नसते. त्याचप्रमाणे सॉफ्टवेअर वापरताना नंतर तयार झालेल्या फाइली, म्हणजे तुमची निवड, अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, तुमचा शब्दकोश, साठवलेले पासवर्ड, या यादीत बहुधा येतच नाहीत.

पुष्कळदा त्या मुद्दामही ठेवल्या जातात. जुनी आवृत्ती काढून नवी बसवणारा माणूस आपले सगळे पूर्वीसारखे मिळावे अशीच अपेक्षा करतो, आणि बहुतेक वेळा ती रास्त असते. चाचणीची मुदत ठरवून दिलेली सॉफ्टवेअर्स तर मुदत संपल्याची खूण जाणूनबुजून मागे ठेवतात, म्हणजे काढून पुन्हा बसवून ती मुदत नव्याने मिळवता येऊ नये.

तिसरे कारण घरातल्या सामाईक कॉम्प्युटरवर हमखास भेटते. विंडोजमध्ये प्रत्येक खात्याच्या सेटिंग्ज वेगळ्या असतात. रजिस्ट्री म्हणजे सेटिंग्ज नोंदवण्याचे विंडोजचे दप्तर. तिच्यातला त्या त्या खात्याचा भाग ‘एनटीयूजर डॅट’ नावाच्या दडवलेल्या फाइलमध्ये त्याच्याच फोल्डरात राहतो आणि ते खाते उघडले असेल तेव्हाच रजिस्ट्रीत हजर असतो. आईच्या खात्यातून सॉफ्टवेअर काढले तर मुलीच्या खात्यातल्या सेटिंग्जपर्यंत अनइन्स्टॉलरचा हात सहसा पोचत नाही. म्हणून पुढे जे करायचे ते ज्या खात्यात अडचण येते आहे त्या खात्यात शिरूनच करावे.

हात लावण्यापूर्वी

सुरुवात नेहमी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरपासून करावी. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ॲप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ असे जावे. विंडोज १० मध्ये याच यादीचे नाव ‘ॲप्स अँड फीचर्स’ असे आहे. अनइन्स्टॉल चालू असताना ‘वापरकर्त्याची माहितीही काढायची का’ असा प्रश्न किंवा तशी चौकट काही वेळा येते आणि आपण न वाचता पुढे जातो. निम्मे काम तेथेच होण्यासारखे असते, म्हणून तो मजकूर वाचावा. सॉफ्टवेअर विकत घेतलेले असेल आणि त्याचा परवाना ठरावीक यंत्रांपुरता असेल, तर काढण्याआधी त्यातून साइन आउट करावे किंवा परवाना मोकळा करून घ्यावा, कारण नुसते अनइन्स्टॉल केल्याने ती जागा सुटतेच असे नाही.

‘प्रोग्राम फाइल्स’मधला फोल्डर आधीच हाताने पुसून टाकला असेल तर अनइन्स्टॉलरही बहुधा त्यातच गेलेला असतो. अशा वेळी रजिस्ट्रीत खोदकाम करण्याआधी सर्वांत स्वस्त उपाय करावा: तीच आवृत्ती त्याच जागी पुन्हा बसवावी आणि मग रीतसर अनइन्स्टॉल करावी. हे उलटे वाटते, पण अर्धा तास वाचवते.

यानंतर कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा. वापरात असलेल्या फाइली लगेच पुसता येत नाहीत, म्हणून विंडोज त्या पुढच्या सुरुवातीला पुसण्यासाठी टिपून ठेवते. येथे एक बारकावा आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्याने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र तो खरोखर नव्याने सुरू होतो. रात्री बंद करून सकाळी चालू केला म्हणजे रीस्टार्ट झाला, असे समजू नये.

शेवटी परतीची वाट तयार ठेवावी. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असे शोधून ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ची खिडकी उघडावी, सी ड्राइव्हपुढे ‘ऑफ’ असेल तर ते चालू करावे आणि एक रिस्टोअर पॉइंट करून घ्यावा. तो तुमची पत्रे आणि फोटो परत आणत नाही, पण रजिस्ट्री आणि व्यवस्थेच्या फाइली परत आणतो. जुन्या लेखांत ‘रेजबॅक’ फोल्डरमध्ये रजिस्ट्रीची आपोआप झालेली प्रत सापडेल असे सांगितलेले असते. त्यावर विसंबू नये, कारण विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तशी प्रत आपोआप बनत नाही.

फोल्डरांतले उरलेले

विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबली की ‘रन’ची छोटी खिडकी उघडते. तिच्यात ‘ॲपडेटा’ हा शब्द पुढे-मागे टक्क्याचे चिन्ह देऊन लिहावा आणि एंटर दाबावे. आपण थेट ‘रोमिंग’ नावाच्या फोल्डरात पोचतो. एक पायरी वर गेले की त्याची भावंडे ‘लोकल’ आणि ‘लोकललो’ दिसतात. ढोबळ हिशेब असा, की ‘रोमिंग’मध्ये तुमच्या आवडीनिवडी, ‘लोकल’मध्ये कॅश (तात्पुरती साठवण) आणि अवजड माहिती, आणि ‘लोकललो’मध्ये कमी अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामांचे सामान असते. सर्व खात्यांना सामाईक असलेले सामान सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रामडेटा’ या दडवलेल्या फोल्डरात सापडते. फार जुन्या सॉफ्टवेअरबाबत ‘लोकल’मधल्या ‘व्हर्चुअलस्टोअर’मध्येही डोकवावे: जुने प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच लिहू पाहत, व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज ते लिखाण गुपचूप या फोल्डरात वळवू लागली, आणि तेथे पाहायचे कोणाला सुचत नाही.

फोल्डर सॉफ्टवेअरच्याच नावाचा असेल असे धरून चालू नये. पुष्कळदा तो कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावाचा असतो. फायरफॉक्सचे सामान ‘मोझिला’ या फोल्डरात सापडते, क्रोमचे ‘लोकल’मधल्या ‘गूगल’मध्ये. कंपनीचा अख्खा फोल्डर उचलला तर तिच्या दुसऱ्या, अजून वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जही जातील, म्हणून आत शिरून नेमका पोटफोल्डर ओळखावा. ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या फोल्डराला हात लावूच नये. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामबाबत तर दुप्पट जपावे: त्याचा ‘प्रोफाइल्स’ फोल्डर हा केवळ सेटिंग्जचा नसून टपालाचाही असतो, आणि पॉप पद्धतीने उतरवलेली पत्रे सर्व्हरवरून पुसली जात असतील तर त्यांची एकमेव प्रत तेथेच असते.

आता लिबरऑफिसचे उदाहरण जवळून पाहू. ‘रोमिंग’मध्ये ‘लिबरऑफिस’, त्यात ‘४’ आणि त्यात ‘यूजर’ असा मार्ग आहे. तो चारचा आकडा पाहून ‘ही तर २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तीची अडगळ’ असे समजून पुसण्याचा मोह होतो. तो आवरावा. फोल्डराचे ते नाव चौथ्या आवृत्तीपासून बदललेले नाही. आवृत्त्यांना सालाप्रमाणे २४.२ असे आकडे मिळू लागले तरी सेटिंग्ज त्याच ‘४’मध्ये राहिल्या. ‘यूजर’च्या आत ‘रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स’ नावाची एक एक्ससीयू फाइल आहे, आणि तुम्ही बदललेली जवळपास प्रत्येक सेटिंग तिच्यात लिहिलेली असते. तिच्या शेजारी ‘वर्डबुक’ फोल्डर असतो. त्यातली ‘स्टँडर्ड डिक’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर वर चार ओळींचे मथळे, त्यांतली शेवटची नुसत्या आडव्या रेघांची, आणि खाली एका ओळीला एक याप्रमाणे तुम्ही जमवलेले शब्द स्वच्छ देवनागरीत दिसतात. ‘ऑटोकॉर’मध्ये आपोआप दुरुस्तीच्या याद्या आणि ‘टेम्प्लेट’मध्ये पत्रांचे नमुने असतात. बिघाड दूर करायचा असेल तर बहुधा पहिली एक्ससीयू फाइल बाजूला करणे पुरते. मी मात्र सगळे घर पाडले होते.

म्हणून रीत अशी ठेवावी: लिबरऑफिस पूर्ण बंद करावे, ‘यूजर’ फोल्डरावर राइट क्लिक करून त्याचे नाव ‘यूजर-जुने’ असे करावे आणि सॉफ्टवेअर पुन्हा उघडावे. ते नवा, कोरा ‘यूजर’ फोल्डर स्वतःच तयार करते. बिघाड गेला असेल तर जुन्यातून ‘वर्डबुक’, ‘ऑटोकॉर’ आणि ‘टेम्प्लेट’ एवढे उचलून नव्यात ठेवावे. बिघाड गेला नसेल तर दोष सेटिंग्जमध्ये नव्हताच, तेव्हा नवा फोल्डर पुसून जुन्याला त्याचे नाव परत द्यावे. हेच काम ‘हेल्प’ मेनूतल्या ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’मधूनही होते आणि तेथे अख्ख्या प्रोफाइलची प्रत काढून ठेवण्याचीही सोय आहे, पण नाव बदलण्याची युक्ती कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू पडते, म्हणून ती हातात असावी. जुन्या नावाचा फोल्डर पंधरा दिवस पडून राहू द्यावा आणि कशाची आठवण आली नाही तरच पुसावा.

विंडोजच्या स्टोअरमधून घेतलेल्या ॲपांसाठी एवढा खटाटोप सहसा लागत नाही. त्यांची माहिती ‘लोकल’मधल्या ‘पॅकेजेस’मध्ये असते आणि ॲप काढले की तीही काढली जाते, त्याच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘रीसेट’चे बटणही मिळते.

एक ताकीद जागा मोकळी करू पाहणाऱ्यांसाठी. सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’ फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाचा दडवलेला फोल्डर असतो, तो काही गिगाबाइटांपर्यंत फुगलेला दिसू शकतो आणि उरलेल्या कचऱ्यासारखा वाटतो. त्यात बसवलेल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती, अद्ययावत करणे आणि अनइन्स्टॉल यांसाठी लागणाऱ्या फाइली असतात. तो हाताने रिकामा केला तर पुढे ती सॉफ्टवेअर्स ना धड सुधारता येतात ना काढता येतात.

रजिस्ट्री

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री अगदी मर्यादित कामासाठी आली. तोवर सेटिंग्ज आयएनआय प्रकारच्या साध्या मजकूर फाइलींत लिहिल्या जात. विंडोज ९५ पासून ती सगळ्यांचे सामाईक दप्तर झाली. हे दप्तर कप्प्यांत कप्पे असे रचलेले आहे आणि प्रत्येक कप्प्यात नोंदी आहेत. पाहायला डाव्या बाजूला फोल्डरांसारखेच दिसते, पण फरक मोठा आहे: येथे रीसायकल बिन नाही, ‘अनडू’ नाही, आणि ‘सेव्ह करायचे का’ असेही कोणी विचारत नाही. बदल केला की झाला.

‘रन’च्या खिडकीत ‘रेजएडिट’ लिहून रजिस्ट्री एडिटर उघडावा. २०१७ पासून त्याच्या वरच्या बाजूला पत्त्याची पट्टी आलेली असल्याने डावीकडे एकेक कप्पा उघडत बसावे लागत नाही. आपल्याला मुख्यतः दोन पत्ते पाहायचे असतात. ‘एचकी करंट यूजर’मधल्या ‘सॉफ्टवेअर’ या कप्प्यात चालू खात्याच्या सेटिंग्ज असतात, आणि ‘एचकी लोकल मशीन’मधल्या ‘सॉफ्टवेअर’मध्ये सर्व खात्यांना सामाईक अशा. सॉफ्टवेअर ३२ बिटांचे आणि विंडोज ६४ बिटांची असेल, तर दुसऱ्या पत्त्यात ‘वॉव६४३२नोड’ हा आणखी एक कप्पा उघडून पाहावा लागतो. येथेही नावांचा तोच घोळ असतो. पुट्टी या, दूरच्या कॉम्प्युटरशी जोडून देणाऱ्या प्रोग्रामचे उदाहरण घ्या: तो आपल्या सेटिंग्ज रजिस्ट्रीतच ठेवतो, आणि त्याचा कप्पा त्याच्या कर्त्याच्या, म्हणजे सायमन टॅथम यांच्या नावाखाली आहे. ‘पी’खाली शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. (पुट्टीने स्वतःची साफसफाई करण्याची सोयही दिली आहे, कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘क्लीनअप’ असे लिहिले की तो आपल्या नोंदी पुसतो. असे शहाणे प्रोग्राम थोडे.)

नेमका कप्पा सापडला की पुसण्याआधी त्यावर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ निवडावे आणि फाइलला तारखेसह नाव देऊन ती डेस्कटॉपवर ठेवावी. ही ‘रेग’ प्रकारची फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये वाचता येते, आणि तिच्यावर दोनदा क्लिक केले की नोंदी परत जागेवर जातात. मात्र ती फक्त भर घालते किंवा आहे ते बदलते. मधल्या काळात तयार झालेल्या नव्या नोंदी ती काढत नाही, तेव्हा तिला संपूर्ण बॅकअप समजू नये. एक्स्पोर्ट झाल्यावर तेवढाच कप्पा पुसावा.

‘फाइंड’ने नाव शोधत एफ३ दाबत जायचे आणि दिसेल ते पुसायचे, हा उद्योग करू नये. लहान, सर्वसाधारण नावांच्या सॉफ्टवेअरबाबत तो विशेष घातक ठरतो, कारण तोच शब्द विंडोजच्या आपल्या नोंदींतही आढळतो. ‘एचकी क्लासेस रूट’मध्ये फाइलींच्या प्रकारांच्या नोंदी असतात आणि तो भाग वरच्या दोन पत्त्यांतल्या ‘क्लासेस’ कप्प्यांचेच एकत्रित चित्र आहे. तेथे चुकीचा कप्पा गेला तर एखाद्या प्रकारच्या फाइली दुसऱ्या प्रोग्रामातूनही उघडेनाशा होतात.

काढलेल्या सॉफ्टवेअरचे नाव अजूनही यादीत दिसत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या जुन्या ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ यादीत त्यावर अनइन्स्टॉल दाबून पाहावे. ‘हे बहुधा आधीच काढले गेले आहे, यादीतून नाव काढायचे का’ अशा अर्थाचा प्रश्न विंडोज स्वतःच विचारते. रजिस्ट्रीत शिरण्याची गरजच उरत नाही.

उरून अजून चालणारे

पडून राहिलेली सेटिंग निरुपद्रवी असते. दर वेळी कॉम्प्युटर सुरू होताना जागी होणारी नोंद तशी नसते, आणि मला विचाराल तर खरी साफसफाई येथेच करावी. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ पाहावे. तेथे ‘प्रोग्राम’ एवढेच नाव आणि कोरे चित्र असलेली ओळ कधीकधी दिसते. व्हायरस आला की काय असे वाटते. बहुतेक वेळा प्रकार साधा असतो. काढलेल्या सॉफ्टवेअरचा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय नोंदलेला असतो, मूळ फाइल जागेवर नसते, आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या मोकळ्या जागेपाशी वाचन तुटून ‘प्रोग्राम’ एवढेच उरते. स्तंभांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ दाखवायला सांगितला, की पूर्ण पत्ता दिसतो आणि ओळ कोणाची ते कळते.

नोंदींचे हे जाळे एकाच खिडकीत पाहायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले ‘ऑटोरन्स’ वापरावे. स्टार्टअप, सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम), नेमून दिलेली कामे, राइट क्लिकच्या मेनूत घुसलेले पर्याय असे सर्व त्यात एकत्र येते, आणि ज्या नोंदींची फाइलच उरलेली नाही त्या पिवळ्या रंगात दिसतात. ‘ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवाव्यात, म्हणजे त्यांना चुकून धक्का लागत नाही. नोंद पुसण्याऐवजी तिच्यापुढची खूण काढावी. ती थांबते, पण राहते, आणि काही अडले तर खूण पुन्हा करता येते.

मागे राहिलेली सेवा काढण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एससी डिलीट’ आणि पुढे सेवेचे नाव लिहितात. हे नाव ‘सर्व्हिसेस’च्या यादीत दिसणारे लांबलचक नाव नव्हे, त्या ओळीवर दोनदा क्लिक केल्यावर ‘सर्व्हिस नेम’पुढे दिसते ते आखूड नाव घ्यावे. हीच आज्ञा विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये लिहिली तर गंमत होते: तेथे ‘एससी’ हे फाइलमध्ये मजकूर लिहिण्याच्या आज्ञेचे टोपणनाव आहे, त्यामुळे सेवा तशीच राहते आणि ‘डिलीट’ नावाची एक फाइल मात्र तयार होते. पॉवरशेलमध्ये ‘एससी’ला ‘डॉट ईएक्सई’ जोडून लिहावे.

अँटिव्हायरस हा अपवाद समजावा. तो विंडोजच्या पोटात ड्रायव्हर बसवतो, आणि ते हाताने उपटले तर कॉम्प्युटर सुरू होण्यातच अडथळा येऊ शकतो. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपले सॉफ्टवेअर समूळ काढण्याचे वेगळे साधन स्वतःच्या संकेतस्थळावर देतात, तेच वापरावे.

मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअर्स

आपल्याकडच्या कॉम्प्युटरांवर सगळ्यांत चिवट उरतो तो जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरचा कीबोर्ड. सॉफ्टवेअर गेलेले असते, पण विंडोज आणि स्पेस दाबले की यादीत त्याचे नाव अजून येते, किंवा मराठी निवडूनही भलतीच अक्षरे उमटतात. आधी ‘सेटिंग्ज’मधून ‘टाइम अँड लँग्वेज’, मग भाषांच्या यादीत मराठी, मग ‘लँग्वेज ऑप्शन्स’ असे जाऊन कीबोर्डांच्या यादीतून नको तो काढावा. तो तेथे दिसतच नसेल, तर तो कीबोर्ड मुद्दाम एकदा जोडावा आणि लगेच काढावा. भुतासारखी चिकटलेली नोंद पुष्कळदा एवढ्याने सुटते.

तेवढ्याने भागले नाही तर ‘एचकी करंट यूजर’मधला ‘कीबोर्ड लेआउट’ आणि त्यातला ‘प्रीलोड’ हा कप्पा एक्स्पोर्ट करून मग उघडावा. त्यात १, २, ३ अशा क्रमांकांपुढे कीबोर्डांचे सांकेतिक आकडे असतात. मराठीचा आकडा ‘४४ई’ने संपतो आणि भारतीय इंग्रजीचा ‘४००९’ने, ज्याचा कोणत्याही जोडलेल्या भाषेशी मेळ बसत नाही तो पाहुणा ओळखावा, ती ओळ काढावी आणि उरलेल्यांचे क्रमांक सलग करावेत. साइन इनच्या पडद्यावरही तो दिसत असेल, तर त्या पडद्यासाठी ‘एचकी यूजर्स’मधल्या ‘डिफॉल्ट’खाली असाच कप्पा वेगळा आहे.

फाँट मात्र काढू नयेत, निदान घाईने तरी नाही. युनिकोड ही अक्षरांची आजची सामाईक सांकेतिक पद्धत रुळण्यापूर्वी आयएसएम, श्रीलिपी अशा व्यवस्थांच्या फाँटांत टंकलेली पत्रे, पुस्तके आणि संस्थांची इतिवृत्ते आजही असंख्य कॉम्प्युटरांवर पडून आहेत. त्या फाइलींत देवनागरी अक्षरे नसतात. असतात ती वेगळ्याच अक्षरांची चिन्हे, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. सॉफ्टवेअरबरोबर फाँटही गेला की अख्खे इतिवृत्त रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन बसते. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून, डोळ्यांखालून घालून झाल्यावरच त्या फाँटांना निरोप द्यावा.

क्लीनरविषयी

एका क्लिकमध्ये रजिस्ट्री स्वच्छ करून कॉम्प्युटर वेगवान करण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर्स मी वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. शेकडो ‘दोष’ सापडल्याचे ती लाल अक्षरांत दाखवतात, पण त्यांतल्या बहुतेक नोंदी काही बाइटांच्या, कोणी वाचत नसलेल्या असतात. त्या गेल्याने वेग वाढल्याचे जाणवत नाही, आणि एखादी कामाची नोंद गेली तर कोणती गेली ते शोधणे अशक्य होते. अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टने आपल्या धोरणात स्पष्ट केलेले आहे.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ॲप उचलून कचरापेटीत टाकले की ते गेले असे वाटते, पण त्याच्या सेटिंग्ज तुमच्या ‘लायब्ररी’ फोल्डरात राहतात. हा फोल्डर २०११ च्या लायन या आवृत्तीपासून दडवलेला असतो. फाइंडरचा ‘गो’ मेनू उघडून ऑप्शन बटण दाबले की तो यादीत येतो. त्यातले ‘प्रेफरन्सेस’, ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’, ‘कॅशेस’ आणि ‘कंटेनर्स’ पाहावेत. ‘प्रेफरन्सेस’मधली प्लिस्ट फाइल पुसूनही जुनी सेटिंग परत आली तर चकित होऊ नये: मॅक या सेटिंग्ज मेमरीत धरून ठेवतो आणि तेथूनच ॲपला देतो. टर्मिनलमध्ये ‘डीफॉल्ट्स डिलीट’ आणि पुढे त्या ॲपचे प्लिस्टमध्ये दिसणारे लांब नाव लिहिले, की दोन्हीकडची नोंद जाते.

डेबियन आणि उबंटूमध्ये ‘ॲप्ट रिमूव्ह’ व्यवस्थेच्या पातळीवरच्या सेटिंग फाइली ठेवून देते आणि ‘ॲप्ट पर्ज’ त्याही काढते. रिमूव्ह केलेले पण पर्ज न केलेले पॅकेज ‘डीपीकेजी’च्या यादीत ‘आरसी’ या दोन अक्षरांनी ओळखता येते. तुमच्या होम फोल्डरातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या ‘कॉन्फिग’, ‘लोकल’ आणि ‘कॅश’ या फोल्डरांना पर्जसुद्धा शिवत नाही. तेथे लिबरऑफिससारखीच नाव बदलण्याची रीत वापरावी. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवण्याच्या आणखी दोन पद्धती. फ्लॅटपॅकच्या अनइन्स्टॉल आज्ञेला ‘डिलीट-डेटा’ जोडले तर माहितीही जाते. स्नॅप मात्र काढताना माहितीची एक प्रत आपणहून काढून ठेवतो आणि ती नेहमीच्या मांडणीत ३१ दिवस राहते, त्यामुळे जागा लगेच मोकळी हवी असेल तर ‘पर्ज’ जोडावे, आणि पुसल्यावर पश्चात्ताप झाला असेल तर महिना उलटण्याआधी ‘स्नॅप सेव्ह्ड’ लिहून प्रत आहे का ते पाहावे.